दोन एकादश्या

निवृत्त होईपर्यंत, दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या मुलामुलींना मी एकच प्रश्न विचारत असे: हीच शाखा का? उत्तरे नीट पाठ केलेली असत. कोणाला संशोधनाची ओढ असे, कोणाला लहान मुलांविषयी माया, कोणाला शस्त्रक्रियेतील कौशल्य भुरळ घाली. मी शांतपणे ऐकून घेई, समोरच्या कागदावर खूण करी आणि पुढच्याला बोलावी. त्यांतले एकही उत्तर खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण जिने बालरोग मागितला तिच्या घरातला एक पाळणा रिकामा झालेला असतो, आणि ज्याला त्वचारोग हवा असतो त्याने आपल्या सर्जन वडिलांना वर्षानुवर्षे भरल्या ताटावरून उठून जाताना पाहिलेले असते. हे पुढे कधीतरी, चहा घेताना, दुसऱ्याच कशाविषयी बोलणे चालू असताना कळते. मलाही माझ्या वेळी तोच प्रश्न विचारला होता. ‘संशोधनाची आवड आहे,’ असे मी सांगितले होते. त्या उत्तरामागे जे घडले ते मी आजवर कोणाला सलग सांगितलेले नाही. अण्णा गेले, आई गेली. आता सांगण्याने कोणी दुखावणार नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

नेरूळला आमचे घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचे होते. इमारती नव्या, रस्ते नवे, रस्त्याकडेची झाडे अजून कमरेइतकी. सकाळी जवळच कुठेतरी पाया ठोकण्याचे यंत्र सुरू होई, आणि त्या ठोक्यांच्या मधल्या शांततेत अण्णांचा आवाज ऐकू येई. अण्णा म्हणजे माझे वडील. ते शाळेत संस्कृत शिकवत, आणि शाळेच्या आधी बाहेरच्या खोलीत पाच-सात विद्यार्थ्यांना संथा देत. एक पद ते म्हणत, विद्यार्थी दोनदा म्हणत. कोणाचा स्वर चुकला तर अण्णा रागावत नसत. उजव्या हाताची तर्जनी वर धरून ते थांबत, आणि चुकणाऱ्याला स्वतःची चूक स्वतः सापडेपर्यंत ती खाली येत नसे. कधी कधी यंत्राचे वीस-पंचवीस ठोके तशाच अवस्थेत जात. मुंज झाल्यापासून मी त्या तर्जनीसमोर बसलो. बोट वर असताना बोलायचे नाही, हलायचे नाही, आपल्यात काय चुकले ते शोधायचे. पुढे वैद्यकाला गेल्यावर शरीररचनेचे जाडजूड पुस्तक मी त्याच रीतीने, मांडी घालून, किंचित डोलत पाठ केले. वसतिगृहातली मुले हसत. परीक्षेत मात्र ते कामी आले.

थांबणे हाच आमच्या घराचा मुख्य संस्कार होता. नैवेद्य दाखवल्याशिवाय ताट वाढायचे नाही, अण्णांनी तळहातावरच्या पाण्याची आपोष्णी घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही, आई सोवळ्यात असताना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून मी फोडणीच्या वासावरून आमटी कोणती ते ओळखत असे. एकादशीला घरात भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी असत. पण माझे खरे प्रेम द्वादशीवर होते. त्या दिवशी आई अंधार सरायच्या आत उठे. वरणभात, आवळ्याचे लोणचे, मिळाली तर हादग्याच्या फुलांची भाजी, आणि भातावर धार धरून ओतलेले साजूक तूप. सूर्य इमारतींच्या वर यायच्या आत पारणे होई. तुपाचा वास आला की उपवास संपला, असे समीकरण माझ्या मनात लहानपणापासून बसलेले होते. ते पुढे घात करील असे कोणाला वाटले असते?

मी वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला असताना अण्णांना मधुमेह निघाला. तेव्हा घरोघरी बोट टोचून साखर पाहण्याची यंत्रे नव्हती. न्हाणीघराच्या दारात स्पिरिटचा दिवा पेटवून, परीक्षानळीत निळे द्रावण आणि लघवीचे आठ थेंब घालून मी ते तापवत असे. निळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर जपून, विटकरी झाले तर वाईट. अण्णा तोंडावर उपरणे धरून लांबून पाहत आणि म्हणत, “वा, यज्ञकुंड बरे मांडले आहेस.” त्यांना सकाळी एक गोळी चालू झाली. दिवसभर, काही जणांत दुसऱ्या दिवसापर्यंतही, तिचा अंमल राही. एकादश्या, प्रदोष, चतुर्थ्या लक्षात घेऊन मी एक नियम कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता: ‘उपवासाच्या दिवशी गोळी नाही.’ आई तो नियम काटेकोर पाळी. मी घरी असलो की गोळी माझ्या हातून जाई, कारण अण्णांना ते आवडे. हात पुढे करून ते म्हणत, “द्या, वैद्यराज. गुरूचे आणि वैद्याचे ऐकावे.”

हिरामण माझा सहाध्यायी. पावणे गावचा, आगरी. त्याचे वडील मिठागरावर राबत. मिठागरे आणि शेते औद्योगिक वसाहतीत गेल्यावर त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते पिंपे हलवू लागले. हिरामणच्या घराला दोन्ही बाजूंनी पत्रे कापणारी दुकाने होती, म्हणून अंतर्वासिता, म्हणजे इंटर्नशिप, संपल्यावर पदव्युत्तर प्रवेश-परीक्षेचा अभ्यास करायला तो रोज सायकलने आमच्याकडे येई. बाहेरच्या खोलीत, संथेची मुले गेली की, आम्ही दोघे पुस्तके पसरून बसत असू. आई त्याला चहा देई तो वेगळ्या पेल्यात. तो पेला खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असे आणि तो त्याचा त्यालाच विसळावा लागे. त्याला हे पहिल्या दिवशीच कळले होते. पेला विसळताना तो एकदा मला म्हणाला, “तुमच्याकडं बरं हाय, भटजी. आमच्याकडं भांडी धुयाला मना कोन सांगत नाय. इथं आलो का सवय र्‍हाते.” मी खाली पाहिले. आज हे लिहितानाही खालीच पाहतो आहे.

अण्णांचे आणि त्याचे मात्र जमे. “या, धन्वंतरी,” असे म्हणून ते त्याचे स्वागत करत, आणि तो “काय अन्ना, आज कुनाचं बोट वर?” असे विचारी. अण्णा खळखळून हसत. एका दुपारी त्यांनी त्याला सरळ विचारले, “तू डॉक्टर व्हायचे कसे ठरवलेस रे?” हिरामण थोडा वेळ पेन्सिलीला टोक करत राहिला. मग म्हणाला, “माजी मोठी बहीन बाच्याच कंपनीत पॅकिंगला होती, अन्ना. एक दिस वास कोंडला. पोरींना भायेर काढल्या नि बाकावर बसवल्या. सायब बोलला, थांबा, कंपनीचा डॉक्टर येऊन चिठ्ठी देल, मंग गाडी. सगल्या थांबल्या. बा पन थांबला, हात जोडून, बाजूला उभा. तिच्या हातात कोनीतरी लिंबू दिलता.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “डॉक्टर आला तवा लिंबू खाली पडलेला व्हता.” अण्णांनी डोळे मिटले. शेवटी हिरामणच हसला आणि म्हणाला, “तवापासून कोनी थांबा म्हनला का माज्या अंगात येतं. बसवाला बोलला तरी.”

त्याला मेडिसिन हवे होते, म्हणजे आपत्कालीन कक्षात पहिला हात ज्याचा पडतो ती शाखा. मलाही तीच हवी होती. माझे कारण सोपे होते: अण्णांना ती हवी होती. शस्त्रक्रिया त्यांना रक्तामुळे नको वाटे, आणि नाडी धरून माणसाच्या उशाशी बसणारा वैद्य हे त्यांच्या मनातले चित्र होते. परीक्षा झाली. यादी लागायच्या आदल्या दिवशी एकादशी होती. त्या महिन्यात पंचांगात एकादशी दोन दिवस लिहिलेली होती. पहिल्या दिवशी स्मार्तांची, दुसऱ्या दिवशी भागवतांची. आमचे घर स्मार्त. पहिल्या दिवशी तिघांनी उपवास केला, नियमाप्रमाणे गोळी दिली नाही, भगर आणि ताक झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मला तुपाच्या वासाने जाग आली.

त्या सकाळचा प्रत्येक तपशील मी नंतर इतक्या वेळा तपासला आहे की तो आता मूळचा किती आणि तपासून घासलेला किती, हे सांगता येणार नाही. मला यादीची घाई होती. खाडीपलीकडे महाविद्यालयात लवकर पोहोचायचे होते. आईने मला पारण्याचे ताट वाढले. “अण्णा?” मी विचारले. “ते पूजा आटपून बसतील. तू जेव,” आई म्हणाली. लघवी तपासायला वेळ नव्हता. ती तपासली नाही. जाताना मी गोळी अण्णांपुढे धरली. ते देवघरासमोर बसलेले होते. त्यांनी ती घेतली, क्षणभर तळहातावर धरली, माझ्याकडे पाहून हसले, आणि पळीभर तीर्थाबरोबर गिळली. एरवी ते गोळीवर पेलाभर पाणी पीत. पळीभरच पाणी का, हे मला विचारता आले असते. मी वाकून नमस्कार केला आणि निघालो.

अण्णांनी संकल्प केला होता, हे मला नंतर कळले. मला मेडिसिनची जागा मिळावी म्हणून दोन्ही एकादश्या, आणि दुसरी निर्जळी. संकल्पाची वाच्यता करू नये म्हणून मला सांगितले नव्हते, आणि आईला बजावले होते की त्याला सांगू नकोस, काळजी करील. गोळी घेण्याने व्रत मोडत नाही हे त्यांना ठाऊक होते. व्रत कशाने मोडत नाही याची एक छोटी यादी आपल्या शास्त्रात आहे. तीत पाणी आहे, कंदमुळे आणि फळे आहेत, दूध आहे, गुरूचा शब्द आहे, आणि औषध आहे. ती यादी त्यांनीच मला आठव्या-नवव्या वर्षी पाठ करून दिली होती. मुलगा वैद्य म्हणून औषध देतो आहे, ते नाकारायचे नाही; आणि व्रत तर चालूच ठेवायचे. आईने मला गोळी देताना पाहिले. तिला कपाटातला कागद आठवला. पण ज्याने तो कागद लिहिला तोच गोळी देत होता.

यादीत मी चौथा होतो. मेडिसिनच्या जागा तितक्याच होत्या, आणि हिरामण पाचवा. त्याने माझ्या पाठीवर जोराने थाप मारली. “जा भटजी, तरलास! आता वरचा एखादा मेला तरच मना मिलंल. मेला नाय तरी चालंल, लगीन करून परदेशात गेला तरी पुरे.” मी त्याला म्हणालो की सोड रे, बालरोग घे. तो हसला, पण डोळे हसले नाहीत. तरीही परतताना त्यानेच हट्टाने पेढे घेतले. “तुझ्या बापाला मीच तोंड गोड करनार. पेला वेगला असला तरी पेढा एकाच पुड्यातला.”

घरी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. हिरामण नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत थांबला. मी आत गेलो. अण्णा देवघराशेजारच्या भिंतीला टेकून बसलेले होते. जपमाळ मांडीवर घसरलेली. आई दारात बसून निवडणटिपण करत होती; तिने ओठांवर बोट ठेवले. “जपात आहेत. दुपारपासून तंद्री लागली आहे. उठवू नकोस.” मी जवळ गेलो. सदऱ्याची पाठ घामाने भिजून भिंतीला चिकटली होती, कपाळ गार होते. ते काहीतरी पुटपुटत होते. मी कान जवळ नेला. रोजचेच सूक्त होते, पण पदे एकमेकांत मिसळली होती, स्वर कुठेही पडत होते. ज्या माणसाचा स्वर मी जन्मात चुकलेला ऐकला नव्हता, त्याचे हे म्हणणे होते. पुस्तकाचे पान डोळ्यांसमोर उभे राहिले. साखर उतरली होती.

“आई, अण्णांनी काय खाल्ले?”

“काही नाही रे. त्यांची आज भागवत एकादशी. निर्जळी.” मग थोड्या अभिमानाने, थोड्या भीतीने ती म्हणाली, “तुझ्या जागेसाठी.”

मी आईकडून साखरेचे पाणी करून घेतले. पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी मान वळवली. डोळे अर्धवट उघडे, नजर कुठेतरी माझ्या पलीकडे. आणि मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि तर्जनी वर झाली.

मी थांबलो.

हे वाक्य मी अनेक वर्षे टाळले आहे. मला निदान कळले होते, उपाय हातात होता, आणि मी थांबलो. पुन्हा एकदा पेला ओठांशी नेला, आणि बोट तसेच वर पाहून पुन्हा खाली ठेवला. आई रडत म्हणाली, “संकल्प आहे रे, श्री. तो आधी सोडवायला हवा. तू सोडव त्यांच्या वतीने.” मला ते योग्य वाटले. खरोखर योग्य वाटले. मी उठलो, देवघरातली पळी-पंचपात्री घेतली, मांडी घातली, आचमन केले, आणि पित्याच्या वतीने व्रताचे विसर्जन करण्यासाठी तिथी, वार, नक्षत्र उच्चारू लागलो. नक्षत्र आठवेना, पंचांग काढायला आई उठली. औषधाने व्रत मोडत नाही, साखर हे त्या घटकेला औषध आहे, विसर्जनाची गरजच नाही, हे ज्या यादीत होते ती यादी मला पाठ होती, आणि ती मला आठवली नाही.

अण्णांचे बोट खाली आले ते झटक्यांनी. सगळे अंग ताठले आणि थरथरू लागले. आई किंचाळली. हिरामण आत आला. त्या घरात इतक्या महिन्यांत तो प्रथमच आत येत होता, आणि पायांत चपला होत्या. त्याने एका नजरेत पळी, पंचपात्री, पेला आणि अण्णा पाहिले.

“किती वेल झाला?”

“ते घेत नाहीत. संकल्प...”

“आरे संकल्प गेला खड्ड्यात! साखर कुठं हाय, काकू? मध हाय का मध?” उत्तराची वाट न पाहता तो स्वयंपाकघरात शिरला. आईच्या सोवळ्याच्या वलणीवरचे लुगडे त्याच्या खांद्याला लागून खाली पडले. आईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मधाची बाटली घेऊन तो आला. झटके थांबेपर्यंत त्याने अण्णांना कुशीवर धरले, मग बोटाने हिरड्यांना, गालाच्या आत, मध चोळत राहिला. “धर डोकं. नीट धर. रडू नको, मानूस हाय अजून.” मग माझ्याकडे न पाहता ओरडला, “गाडी बघ ना, भटजी! थांबलास कशाला?”

रस्त्याला सळया उतरवून कळंबोलीला परत निघालेला एक ट्रक मिळाला. चालक पंजाबी होता. त्याने काही विचारले नाही, फक्त शेजारच्या सीटवरचा डबा उचलून मागे टाकला. अण्णांना आम्ही दोघांच्या मांड्यांवर आडवे घेतले. सबंध वाटेत हिरामणचे मधाचे बोट त्यांच्या तोंडात होते, आणि त्याच्याच सदऱ्याच्या खिशात पेढ्यांचा पुडा तसाच होता. इस्पितळात शिरेतून ग्लुकोज गेले. पुस्तकात लिहिले आहे की अशा वेळी रुग्ण सुई अजून आत असताना डोळे उघडतो आणि आपण कुठे आहोत असे विचारतो. अण्णांनी डोळे दुसऱ्या दिवशी उघडले आणि काहीच विचारले नाही. गोळीचा अंमल लांबला होता, मूत्रपिंडे आधीच थकलेली होती, साखर पुन्हा पुन्हा उतरत राहिली. आठवड्याने त्यांना घरी आणले तेव्हा ते चालत होते, जेवत होते, आईला ओळखत होते. मला ते कधी धाकट्या काकांच्या नावाने हाक मारत. संथेची मुले पहिल्या दिवशी येऊन समोर बसली. अण्णांनी आरंभ केला, दुसऱ्या पदाला थांबले, पुन्हा आरंभ केला. तिसऱ्या खेपेला सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याने हळूच पुढचे पद सांगितले. अण्णांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले आणि विचारले, “तुला हे कोणी रे शिकवले?” त्यानंतर मुले आली नाहीत. मीच नको म्हणून सांगितले.

आमच्या मेडिसिनच्या प्राध्यापकांकडे मी गेलो आणि सर्व सांगितले. ते सज्जन होते. ते म्हणाले, “तू आलास तेव्हा त्यांना तसे होऊन तीन-चार तास झाले असावेत. जे व्हायचे ते तोवर झाले होते. तुझी ती पाच मिनिटे मोजू नकोस.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पुढे आयुष्यभर मी मृत मेंदूंच्या पेशी भिंगाखाली पाहिल्या, आणि कोणत्या पेशी किती काळाने मरतात याविषयी आता मला त्यांच्यापेक्षा अधिक माहिती आहे. ती त्यांच्या बाजूने आहे. तरी पाच मिनिटे मी मोजतो. आणि गोळीही माझ्याच हातची होती; ती कोणत्याच हिशेबातून निघत नाही.

व्रताला मी कधी दोष दिला नाही. अण्णांनी माझ्यावरच्या मायेपोटी तहान सोसली. तिला मूढपणा म्हणणारी जीभ मला नाही. मी आजही एकादशी करतो. पाणी पितो.

प्रवेशाच्या दिवशी टेबलामागे तीन विभागप्रमुख आणि एक कारकून बसलेले होते. माझे नाव पुकारल्यावर कारकुनाने मेडिसिन लिहायला पेन टेकवलेच होते. “पॅथॉलॉजी,” मी म्हणालो. त्याने चष्म्यावरून पाहिले. “चौथा क्रमांक आहे तुमचा. मेडिसिन मिळतंय.” “पॅथॉलॉजी,” मी पुन्हा म्हणालो. एका प्रमुखांनी कारण विचारले, आणि मी संशोधनाचे उत्तर दिले. खरे इतकेच होते की यापुढे कोणा जिवंत माणसाच्या ओठांशी पेला नेण्याची माझी हिंमत नव्हती. काचपट्टीवरच्या पेशी हात वर करून थांब म्हणत नाहीत. “सही करा. परत बदलता येणार नाही,” कारकून म्हणाला. मी सही केली.

बाहेर हिरामण भिंतीला टेकून उभा होता. त्याचे नाव माझ्या मागोमाग पुकारले गेले, आणि त्यावरून त्याला सर्व समजले. तो आत गेला नाही. आधी त्याने माझा दंड धरला.

“काय केलंस हे?”

“तुला जागा झाली.”

“मना भीक नको तुझी.” त्याचा आवाज चढला. “मी मागितली का? तू मना देत नायस, भटजी, तू पलतोस. एक बाप गेला म्हनून बाकीच्यांचे बाप सोडून पलतोस.”

“अण्णा गेलेले नाहीत.”

त्याने दंड सोडला. आतून पुन्हा त्याचे नाव पुकारले. “जा,” मी म्हणालो, “थांबू नकोस.” तो गेला. तीस वर्षे त्याने आपत्कालीन कक्ष सांभाळला. पावण्याच्या कारखान्यांतून जळलेली, घुसमटलेली माणसे आली की चिठ्ठी नंतर, आधी हात, असा त्याचा नियम होता, आणि त्यापायी त्याने दोनदा लेखी ताकीद घेतली. त्याने वाचवलेल्या माणसांतली काही मी रस्त्यात पाहतो. ती मला ओळखत नाहीत.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा आई ताट घेऊन अण्णांच्या समोर बसलेली होती. अन्न निवले होते. आजारानंतर त्यांची एक रीत पडली होती. बाकी सर्व विसरले तरी घास तोंडाशी आला की ते आधी तिथी विचारत, आणि एकादशी म्हटले की तोंड मिटून घेत. आधीच्या एकादशीला आईने खरे सांगितले होते, आणि दिवसभर त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. आजही एकादशीच होती. आईच्याने खरे सांगवत नव्हते आणि खोटे बोलवत नव्हते, म्हणून ती ताट घेऊन नुसती बसली होती.

“मिळाली का रे जागा?” तिने मला विचारले. “त्यांच्या उपवासाची?”

“मिळाली,” मी म्हणालो.

हात धुऊन मी तिच्या हातातले ताट घेतले, भात कालवला आणि पहिला घास पुढे केला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. नवख्या माणसाकडे पाहावे तसे, सौजन्याने.

“आज तिथी कोणती?”

पंचांग पाहायला त्यांनीच मला शिकवले होते.

“द्वादशी,” मी म्हणालो, आणि त्यांनी तोंड उघडले.